घेवड्याचं शेपूट

आंबेवळणात कुत्र्याचं शेपूट नगरपालिकेच्या मालकीचं असतं. कुत्रा ज्याचा त्याचा. त्याचं खाणंपिणं, गोचिड्या, आजारपण, त्याने शेजाऱ्याची चप्पल पळवली तर होणारं भांडण, हे सगळं घरच्यांनी निस्तरायचं. शेपूट तेवढं पालिकेचं, आणि ते कुत्र्याला वापरायला दिलेलं. फार पूर्वी म्हणे कुणी बडे पाहुणे गावात येणार होते. कमान उभारायला वेळ नव्हता आणि बँडवाले दुसऱ्या गावी लग्नाला गेले होते. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कुत्री उभी करा रस्त्याच्या कडेला. कुत्री उभी केली, त्यांनी शेपट्या हलवल्या, पाहुणे खूश झाले. तेव्हापासून शेपूट पालिकेकडे गेलं ते गेलंच.

नियम काही जाचक नव्हता. रोज सकाळी नगराध्यक्ष आबासाहेब निंभोरे गावातून फेरी मारत. ते आले की कुत्र्यांनी आपापल्या उंबऱ्यापाशी उभं राहायचं आणि ते पुढे जाईपर्यंत शेपूट हलवायचं. एवढंच. नवं पिल्लू आलं की त्याचं शेपूट हंगामी धरत. घरातल्या वडील कुत्र्याने त्याला तयार करायचं आणि दसऱ्याच्या आधी तपासणी व्हायची. पिल्लाने आबासाहेबांना बघून शेपूट हलवलं की ते कायम. नाही हलवलं तर जमा. शेपूट निरीक्षक पोफळे डावीकडे एक पीळ देऊन, बरणीचं झाकण काढावं तसं ते काढून घेत, पंच्यात गुंडाळत आणि कचेरीतल्या कपाटात ठेवत. रक्त नाही, ओरडा नाही. पोफळ्यांचा हात हलका होता, हे त्यांचे शत्रूही मान्य करत.

द्वारकाकाकू गव्हाण्यांना या व्यवस्थेबद्दल कधी तक्रार नव्हती. शिंपी आळीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच गिरणी चालवत. पट्ट्याच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी हळू सांगितलेली गोष्टही चौकात ऐकू जाई. घरात दोन म्हातारी कुत्री. एक सुभेदार. यजमान त्यांना अहो-जाहो करत, म्हणून काकूही करत. दुसरी ठकी, एका डोळ्याने अधू आणि जिभेने तिखट. आंबेवळणात कुत्रं जाणतं झालं की बोलायला लागतं, पण फार बोलत नाही. ठकी हा त्याला अपवाद होता.

पावसाळा सरता सरता बाजाराच्या दिवशी काकू भाजी घ्यायला गेल्या आणि घेवड्याच्या ढिगातून एक पिल्लू बाहेर आलं. भाजीवाली म्हणाली, "माझं नाही हे." पिल्लू काकूंच्या पायावर बसलं. काकूंनी पाय झटकून पाहिला. पिल्लू पायासकट हललं आणि परत बसलं.

"आता म्हातारपणी हे कुठलं लचांड," असं म्हणत काकूंनी त्याला घेवड्याबरोबर पिशवीत घातलं आणि घरी आणलं. नाव काय ठेवायचं हा प्रश्न उरलाच नाही.

सुभेदारांनी त्याला हुंगलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

ठकी म्हणाली, "काय ठीक आहे? कान बघा, पंक्तीतल्या पत्रावळी. आणि झोपणार कुठे हा? माझ्या पोत्यावर नाही हं, आधीच सांगते."

त्या दिवशी दुपारीच तो तिच्या पोत्यावर झोपला होता आणि ती बाजूला फरशीवर बसून सगळ्यांवर गुरगुरत होती.

गिरणीचे धडे ठकीने दिले. फिरत्या पट्ट्याजवळ जायचं नाही. गिऱ्हाइकाच्या डब्यात तोंड घालायचं नाही, मग डब्यात काही का असेना. एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणी पुसून राजगिरा आणि वरई दळतात, तेव्हा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. चुकलं की ठकी कान पकडायची, दातांनी, पण मऊ. घेवडा हे सगळं चटाचट शिकला. ज्वारीचं पीठ अंगावर उडून पांढरा झाला की स्वतःहून बाहेर जाऊन अंग झाडून यायचा, हे तर त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. तेव्हा पोर मठ्ठ होतं असं कुणी म्हणू नये.

शेपटाचं शिक्षण मात्र सुभेदारांकडे होतं. त्यांचा त्या विषयात हातखंडा. आबासाहेबांसाठी कमरेपासून, पूर्ण. पोफळ्यांसाठी अर्धं. पोस्टमनसाठी टोक. भंगारवाल्या मालनबाईसाठी काही नाही, ती पालिकेच्या यादीत बसत नव्हती. सुभेदार उंबऱ्यापाशी उभे राहून करून दाखवत आणि घेवडा त्यांच्याशेजारी उभा राहून लक्ष देऊन बघत असे.

मग आबासाहेब यायचे. पांढरा सदरा, मागे दोघे-तिघे, हात जोडलेले. सुभेदारांचं शेपूट कमरेपासून हलायचं. ठकीचंही, जरा कमी. घेवड्याचं शेपूट खुंटीला टांगलेल्या नाडीसारखं खाली लोंबत राहायचं. तो आबासाहेबांकडे बघायचा, नीट, कुतूहलाने बघायचा. त्यात उद्धटपणा नव्हता. शेपूट तेवढं हलत नव्हतं.

आबासाहेब कोपऱ्यावर वळले की पाठोपाठ मालनबाई यायची, खांद्यावर गोणी, हातात तराजू. तिने घेवड्याला कधी शिळी पोळीसुद्धा दिली नव्हती. उलट "हो मेल्या बाजूला" म्हणायची. आणि तिला पाहून घेवड्याचं शेपूट इतकं हलायचं की मागचे पाय घसरून तो खाली बसायचा.

पट्टा सुरू झाला तरी हलायचं. ठकी शिंकली तरी हलायचं. एकदा भिंतीवरच्या कवडशाला पाहून हललं, हे काकूंनी स्वतः पाहिलं.

"सुभेदार, हे काही बरं नाही," काकू म्हणाल्या.

"शिकवतोय, बाई."

"तुम्ही शिकवताय हो, पण तो शिकतोय कुठे? त्या टिप्यासारखं व्हायचं का त्याचं?"

टिप्या समोरच्या शिंप्याचा. त्याचं शेपूट दोन वर्षांपूर्वी जमा झालं होतं. बाकी तब्येत ठणठणीत. पण शेपूट गेल्यापासून आपल्याला आनंद कधी होतो ते त्याला कळेनासं झालं होतं. शिंपी त्याला दूधभाकरी घाली. टिप्या ती खाई, वाटी चाटून पुसून ठेवी आणि मग मान वर करून शिंप्याच्या तोंडाकडे बघे, मला आवडलं का, असं विचारल्यासारखं. शिंपी म्हणे, "आवडलं रे तुला." मग टिप्या जाऊन झोपे. काकूंना ते बघवत नसे. त्या वेळी त्या मुद्दाम गिरणीत जाऊन काहीतरी आवरत बसत.

तेव्हा काकूंनी प्रयत्नांची पराकाष्ठा केली. आधी गूळ. आबासाहेब दिसायला लागले की त्यांच्या मागच्या बाजूला उभं राहून त्या गुळाचा खडा दाखवत. शेपूट हललं. काकूंचा जीव भांड्यात पडला. पण पोफळे आबासाहेबांच्या मागेच चालत होते. ते थांबले, खाली वाकले, घेवड्याच्या नजरेची दिशा त्यांनी पाहिली.

"काकू, हे शेपूट गुळासाठी हललंय. आबासाहेबांसाठी नाही."

"आबासाहेब गुळासारखेच गोड आहेत म्हणून हललं असेल."

"तसं धरता येत नाही," पोफळे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याला नियम तेवढे पाठ होते.

मग काकूंनी सुतळी बांधली. पोत्याचं तोंड शिवायची बारीक सुतळी शेपटाच्या टोकाला, आणि दुसरं टोक डब्यांच्या मागे बसलेल्या काकूंच्या हातात. आबासाहेब आले, काकूंनी ओढायला सुरुवात केली. पण गिरणी चालवणाऱ्या बाईच्या हाताला ओढायची सवय एकाच दिशेची, मागावरच्या धोट्यासारखी इकडून तिकडे नव्हे. शेपूट डावीकडे जाई आणि तिथेच राही. वळायची खूण करणाऱ्या मोटारीला वाट द्यावी तसे आबासाहेब उजवीकडे सरकले. ठकीने डोळे मिटून घेतले.

"लाज आणलीत," ती नंतर म्हणाली. "मी दोन दिवस बाहेर तोंड दाखवणार नाही."

काकू सुतळी सोडवत बसल्या. घेवडा त्यांचा अंगठा चावत होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, पट्टा बंद होता. सुभेदार उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडले होते.

"सुभेदार, खरं सांगा. त्याला जमत नाही की करायचं नाही?"

"त्याला येत नाही, बाई. आतून येत नाही."

"तुम्हाला येतं?"

समोर टिप्या सावली बदलून झोपला. त्याच्याकडे बघत सुभेदार म्हणाले, "मी हलवतो. येतं की नाही ते आता आठवत नाही. तुम्ही सकाळी दार उघडता तेव्हाही मीच हलवतो. यजमान आजारपणातून उठून एकदा गिरणीत आले होते, तेव्हा बहुतेक आलं होतं. त्यानंतर सगळं मीच करतोय."

इतकी वर्षं रोज सकाळी दार उघडून त्या म्हणत आल्या होत्या, बघा, सुभेदारांना किती आनंद झालाय. आणि मग त्यांना राग आला. तो कोणावर काढावा हे पटकन कळेना, म्हणून त्यांनी सुतळीचा गुंडा चुलीत घातला.

"उद्यापासून शिकवणी बंद," त्या म्हणाल्या.

"बाई, तपासणी आहे."

"असू दे. हलायचं तेव्हा हलेल."

तपासणीच्या दिवशी पोफळे पंचा घेऊन आले. मागे स्वतः आबासाहेब. आळी दारात जमली. घेवडा उंबऱ्यापाशी बसला होता, आंघोळ घातलेला, कान पुसलेले. आबासाहेब त्याच्यासमोर उभे राहिले आणि हसले. हसू चांगलं होतं, सवयीचं होतं. घेवड्याने ते पाहिलं. आबासाहेबांनी चुचकारलं. आळीतलं एक माणूस खोकलं. शेपूट हललं नाही.

"काकू," पोफळे हळूच म्हणाले, "अजून एक संधी देता येईल. तुम्ही लेखी..."

"काही लिहून देणार नाही. त्याला आबासाहेबांना बघून आनंद होत नाही. त्यात त्याचा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही. पण शेपूट पालिकेचं आहे."

"शेपूट तुमचं, कबूल. हलणं कुणाचं?"

पोफळ्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. या मुद्द्यावर नियम नव्हता आणि जिथे नियम नसतो तिथे आंबेवळणात आधीचाच नियम लागू करतात. पोफळे खाली बसले, डावीकडे एक पीळ दिला आणि शेपूट पंच्यात गुंडाळलं. काकू आडव्या आल्या नाहीत असं नाही. त्यांनी पोफळ्यांचं मनगट धरलं होतं, पण हात खरंच हलका होता, तोवर काम झालं होतं.

"आज नेताय," काकू म्हणाल्या, आणि हे चौकातच काय, एस. टी. स्टँडवरही ऐकू गेलं, "पण हे शेपूट तुम्हाला पचायचं नाही."

संध्याकाळी दळणं आली. काकूंनी पट्टा चढवला. आवाज सुरू होताच घेवडा नेहमीसारखा उठला, धावला, कंबर हलली, आणि मागे काहीच झालं नाही. त्याने वळून पाहिलं. एक गिरकी घेतली, पुन्हा पाहिलं. मग तो काकूंच्या समोर येऊन बसला आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. काकूंना पट्टा थांबवावा लागला. गिऱ्हाइकं आपापले डबे धरून उभी राहिली.

ठकी उठली, त्याला कानाला धरून आपल्या पोत्यावर नेलं आणि त्याच्याभोवती वेटोळं करून पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब फेरीला आले, तेव्हा सुभेदार उंबऱ्यापाशी शेपटावर बसले होते. व्यवस्थित, शेपूट अंगाखाली दुमडून. शेजारी ठकी, तीही बसलेली.

"सुभेदार, उठा," पोफळे म्हणाले.

"गुडघे दुखतात."

"शेपूट हलवायचं आहे."

"हलवतोय की. खाली हलतंय. तुम्हाला दिसत नसेल."

"आणि माझे गुडघे तर यांच्याहून वाईट," ठकी म्हणाली. "तुझ्या बापाच्या वेळेपासून उभी आहे मी इथे, पोफळ्या. आता बसते."

बसलेल्या शेपटाबाबत काही ठरलेलं नव्हतं. पोफळे विचार करत पुढे गेले. त्याच्या पुढच्या दिवशी वाण्याचा कुत्रा बसला. मग सोनाराचे दोन्ही. आठवडा संपेपर्यंत शिंपी आळी ते मारुती मंदिर, आबासाहेब बसलेल्या कुत्र्यांमधून चालत होते. सगळी कुत्री त्यांच्याकडे सभ्यपणे बघत होती.

इकडे कचेरीत वेगळंच सुरू झालं होतं. कपाटात घेवड्याचं शेपूट इतर जमा शेपटांबरोबर ठेवलं होतं. सकाळी मालनबाई गोणी घेऊन कचेरीवरून जायला लागली की कपाटाच्या आतून टकटक ऐकू यायची. आधी एकाच शेपटाची. मग जुनी शेपटं त्याचं बघून शिकली. मालनबाई आली की सगळं कपाट थडथडायचं, शिपायाने चहा ठेवला तरी थडथडायचं, खिडकीतून ऊन आलं तरी. आणि आबासाहेब खोलीत आले की एकदम चिडीचूप. लोक दाखले काढायला म्हणून येत आणि बाकावर बसून कपाट ऐकत. आबासाहेब केव्हा आले आणि केव्हा गेले हे बाहेरच्या माणसालाही नुसत्या आवाजावरून कळू लागलं. एके दिवशी ते कपाट चालत चालत दारापर्यंत आलं, तेव्हा पोफळे गिरणीत आले.

"काकू, शेपूट घेऊन जा."

"मी का नेऊ? पालिकेची मालमत्ता आहे. सांभाळा."

"ते बाकीच्यांना बिघडवतंय."

"मग शिकवा त्याला. तुमच्याकडे वडील शेपटं आहेत की एवढी."

पोफळ्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या कपाळावर घाम होता. "काकू, काय केलं म्हणजे तुम्ही घ्याल?"

काकूंनी घेवड्याकडे पाहिलं. तो ठकीच्या पोत्यावर निजला होता, पाठ भिंतीला लावून. शेपूट गेल्यापासून तो तसाच निजायचा. एका क्षणात हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी हात पदराला पुसले.

"ज्याच्या नावाने काढलंत त्याच्या हाताने बसवा. आणि नुसतं याचं नाही. टिप्याचं, आणि कपाटात असतील त्या सगळ्यांची. दारोदार येऊन."

"आबासाहेब कसे येतील?"

"रोज येतात तसे. चालत."

आबासाहेब आले. शेवटी कपाटाने त्यांच्या बैठकीतही थडथड सुरू केली होती, आणि मग ते आत शिरल्यावर थांबली होती, सगळ्या सदस्यांसमोर. पोफळ्यांच्या हातात शेपटांचं गाठोडं. आधी शिंप्याच्या दारात टिप्या. आबासाहेब खाली बसले, त्यांना बसायची सवय नव्हती, पोफळ्यांनी हाताला धरलं. उजवीकडे एक पीळ. टिप्या उठला. शिंपी वाटी घेऊन उभा होता, त्याच्याकडे टिप्याने पाहिलं, आणि या वेळी काही विचारलं नाही. शिंपी वाटी खाली ठेवायचीच विसरला.

मग गिरणी. घेवडा पुढे येऊन बसला. आबासाहेबांनी पिठाच्या फरशीवर गुडघे टेकले, पांढऱ्या धोतराला पीठ लागलं तरी कळलं नाही. शेपूट नीट बसलं. आबासाहेब तसेच थांबले. सगळी आळी बघत होती. इतक्या जवळून त्यांच्याकडे बघत असलेल्या त्या पिल्लाकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "आता?"

शेपूट हललं नाही.

कोपऱ्यावर तराजूची साखळी वाजली. मालनबाई वळून आळीत आली. घेवड्याचं शेपूट हलायला लागलं, मागचे पाय घसरले आणि तो पिठात बसला.

"हो मेल्या बाजूला," मालनबाई म्हणाली. मग खाली बसलेल्या आबासाहेबांना पाहून म्हणाली, "तुम्हीपण." आबासाहेब बाजूला झाले. ती पुढे गेली. थोड्या वेळाने आबासाहेब उठले, धोतर झटकलं आणि गाठोड्यामागून पुढच्या दाराकडे निघाले.

घेवडा पिठातून उठला, गिरकी घेतली, शेपूट तोंडात पकडलं, सोडलं आणि धावत जाऊन सुभेदारांच्या अंगावर आदळला. सुभेदार कित्येक दिवसांत पहिल्यांदा उभे राहिले. मग ते अचानक मान वळवून मागे बघायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "हे कोण हलवतंय?"

"कुणी नाही, सुभेदार."

"मी नाही हलवत."

"माहीत आहे."

सुभेदारांनी अजून थोडा वेळ मागे वळून पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. ठकी तोंड फिरवून म्हणाली की पीठ डोळ्यात गेलंय, पट्टा कुणीतरी सुरू करा, लोक दळणं घेऊन उभे आहेत. काकूंनी पट्टा चढवला.